वडील स्मशानात फिरायला जात

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वडिलांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी रोज सकाळी झाडांखाली चालायला सांगितलं. सल्ला योग्य होता. फक्त आमच्या तालुक्याच्या गावात झाडं उरली नव्हती. रस्ता रुंद करताना दुतर्फाच्या चिंचा गेल्या. त्यांच्या बदल्यात बाग झाली, पण उद्घाटनाला मंत्री मिळेपर्यंत तिला कुलूप होतं. 'झाडे लावा'चा फलक मात्र फाटकाबाहेर होता.

दाट सावलीची, बिनकुलपाची जागा एकच होती: नदीकाठचं स्मशान. भुतांच्या धाकानं तिथल्या करंजांना कोणी कुऱ्हाड लावली नव्हती. वडील तिथं चालू लागले.

आईची हरकत नव्हती, अट होती. "अंगावर पाणी घेतल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई." खांद्यावर टॉवेल टाकून स्मशानातून येणारा आणि दाराबाहेर अंघोळ करणारा माणूस पाहून गावानं काढायचा तो अर्थ काढला.

एका सकाळी शिनोलीची आत्या एसटीनं आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून तिनं दुरडीभर भाकरी आणि पिठलं आणलं होतं. ती दारातच रडू लागली. पाठोपाठ वॉर्डाचे सदस्य आले. मयताला ते कधी चुकत नसत.

"कोण गेलं, भाऊ?" सदस्यांनी विचारलं.

"कोणी न्हाई. साखर उतरवाया चालतो तिथं," वडील म्हणाले.

"मसणात?" आत्यानं डोळे पुसले. "दादा, समदेच जात्यात, पर रोज कशापायी?"

"बाग बंद हाये म्हणून. काढा की कुलूप," वडील सदस्यांना म्हणाले.

"मंत्र्यांची तारीख मिळू द्या, राव."

"तवर माझा नंबर लागंल."

सदस्यांनी दुःख व्यक्त केलं, दोन भाकरी खाल्ल्या आणि ते गेले.

शरमेनं आईनं वडिलांचं जाणं बंद केलं. ते अंगणात, भिंतीपासून नळापर्यंत चालू लागले. साखर पुन्हा चढली. डॉक्टरांनी इन्सुलिनचं नाव काढलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी आईनं चपला घातल्या.

"चला, मी संगं येते. मयताला बाया जात न्हाईत. मी दिसले की कोण गेलं म्हणून कुणी इचारणार न्हाई."

तसंच झालं. लोकांनी पाहिलं, पण सांत्वनाला कोणी आलं नाही.

करंजांखाली दोन फेऱ्या झाल्यावर आई थांबली, तिनं वर पाहिलं.

"लई गार हाये हितं," ती म्हणाली. "अन् बाईला मेल्यावरच आणत्यात."