ओताकारचं नाक

ओताकार शेबेस्ताला बिअरचा वास येत नाही, ही गोष्ट साऱ्या प्लझेन शहरात एकट्या ओताकारलाच ठाऊक होती. दोन वर्षांमागे, साथीच्या हिवाळ्यात, त्याला ताप भरला. आठवडाभर अंथरुणात तळमळला आणि उठला तेव्हा नाक गेलं होतं. जागेवर होतं हो, चांगलं बटाट्याएवढं. पण आतलं कामकाज बंद. कॉफी म्हणजे गरम कडू पाणी, कांदा म्हणजे नुसती कचकच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कसलं येतंय!

आता सुताराचं नाक गेलं असतं तर त्याच्या खुर्च्या काही मोडल्या नसत्या. ओताकारनं उभा जन्म रेल्वे वर्कशॉपसमोरच्या बारमध्ये बिअरच्या नळावर काढला होता. आमच्याकडे पाद्री थोडा इकडचा तिकडचा असला तरी लोक खपवून घेतात, नळावरचा माणूस मात्र खरा लागतो. ग्लास तो स्वतः धुणार, फेस तो स्वतः बसवणार, आणि नवं पिंप उघडलं की पहिला घोट त्याचा. "आज ही नाही देत," असं ओताकार एकदा म्हणाला की वर्कशॉपचे फोरमनसुद्धा मुकाट्यानं तहानलेले घरी जायचे. निवृत्त झाला तरी कोपऱ्यातलं टेबल त्याचंच होतं, आणि शब्दही.

"ओता, कशी आहे रे आजची?" कुणीतरी रोज विचारायचंच.

तो ग्लास उजेडाकडे धरायचा, फेस काचेला कसा धरून राहतो ते बघायचा, एक घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "परवापेक्षा बरी." डोळ्यांवर निभून जात होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खरं, पण मूठ सारखी झाकून ठेवायची म्हणजे हात भरून येतो. ओताकार थकला होता. बायको क्वेता म्हणायची, वय झालं. तो म्हणायचा, असेल.

अशात क्वेताचा धाकटा भाऊ लुबोर ओस्त्रावाहून आला. कोळशाच्या खाणीत हाडं झिजवून आता पेन्शनीत निघालेला, बोलका, खादाड, आणि जन्मात पहिल्यांदा प्लझेनला. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं. सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर डुकराची चरबी लावलेला पाव खाता खाता त्यानं विषय काढला.

"दाजी, प्लझेनला येऊन बिअरचा कारखाना न बघता गेलो तर खाणीतली पोरं मला गावात घेणार नाहीत. पण वेळ एकाचाच आहे. कुठला दाखवता?"

ओताकारचं ठरलेलं होतं. "मोठा. दुसरा कुठला? तळघरं, लाकडी पिंपं, तांब्याच्या कढया, सगळं तिथं."

त्याच्या मनात वेगळंच होतं. मोठ्या कारखान्यात बस भरून माणसं एकदम नेतात, तळघरात एकेक ग्लास हातात देतात आणि पुढे ढकलतात. तिथं कशी आहे म्हणून कुणी विचारत नाही. गर्दीत माणूस सुखी असतो.

"काही नको मोठा," क्वेता कॉफी ओतता ओतता म्हणाली. "राड्काकडे जाऊ या. वर्ष झालं बिचारी बोलावतेय."

राड्का ही ओताकारच्या हाताखाली नळावर शिकलेली. शाळेतून सुटली तशी त्याच्याकडे आली, बारा वर्षं राहिली आणि आता गावाबाहेरच्या एका बंद बेकरीत स्वतःची बिअर बनवत होती. शनिवारी चार माणसांना सगळं फिरवून दाखवायची. 'वस्ताद, एकदा या, चाखा आणि शिव्या द्या,' असा तिचा धोशा. ओताकारनं गुडघ्याचं कारण दिलं, दाताचं दिलं. एक मावसभाऊ तर त्यानं त्यासाठी दोनदा मारला.

"अगं, लुबोर काय रोज येतो का?" ओताकार म्हणाला. "त्याला खरंखुरं काही बघू दे. बेकरीत काय बघायचंय?"

"बेकरीत निदान बसायला तरी मिळेल," लुबोर म्हणाला. "मोठ्या ठिकाणी किती चालवतात?"

"चालवतात थोडं."

"थोडं म्हणजे? तळघरात जिने असतील?"

"असतात दोन-चार."

"दोन-चार!" क्वेता हसली. "अरे, शेजारीण तिथून आली ती तीन दिवस काठी घेऊन हिंडत होती."

"मग मेलो. दाजी, जन्म जमिनीखाली काढला मी. आता बिअरसाठीसुद्धा खाली उतरायचं म्हणता होय?"

ओताकारनं शेवटचा डाव टाकला. "बिअरच्या संग्रहालयात जाऊ. गावातच आहे, जुनी भांडीकुंडी छान मांडलीयेत."

"बिअर?"

"कुपन देतात बाहेर पडताना."

"वा दाजी! लग्नाला यायचं आणि जेवायचं नाही!" लुबोरनं उरलेला पाव तोंडात कोंबला. "ताई, फोन लाव तुझ्या त्या राड्काला."

ओताकारनं कप खाली ठेवला. नाही म्हणायला आता मावसभाऊही उरला नव्हता.

राड्का फाटकातच उभी होती. रबरी बूट, हात लालभडक, डोळ्यांखाली काळं. ओताकारला बघून तिचा चेहरा असा फुलला की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आलात! देव पावला, वस्ताद. आजच यायला हवं होतं तुम्ही."

तिनं धान्य दाखवलं, कढया दाखवल्या, लुबोरच्या विनोदांना हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. मग तिघांना मागच्या गार खोलीत नेऊन बाकावर बसवलं आणि एका टाकीतून चार ग्लास भरले.

"उद्या गावजत्रेत ही जायचीये," ती म्हणाली. "मोठ्या कारखान्याऐवजी पहिल्यांदा मला बोलावलंय. पण काल रात्रीपासून मला हिच्यात कसलातरी वास येतोय. दवाखान्यासारखा. जंगली यीस्ट शिरलं की येतो ना, तसा. मग वाटतं, भीतीनं माझंच डोकं फिरलंय. नवरा म्हणतो चांगली आहे, पण तो पाणीही चांगलंच म्हणतो. तुम्ही सांगा. ओतून दे म्हणालात तर ओतून देते. तुम्ही माझ्याशी खोटं बोलणार नाही."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. ओताकारनं ग्लास उचलला. रंग नितळ. फेस जाड, शुभ्र, काचेला धरून. नाकाजवळ नेला, डोळे मिटले, जन्मभर मिटायचा तसे. काही नाही. भिंतीचा वास घ्यावा तसं. घोट घेतला. गार, कडू, बुडबुडे. चांगली असेलही. पोरीचा हात चांगला होता, तिला त्यानंच शिकवलं होतं.

"चांगली आहे," तो म्हणाला.

"खरंच?"

"मी म्हणतोय ना."

लुबोरनं पहिल्या घोटाला तोंड वेडंवाकडं केलं होतं. ते ऐकून त्यानं घाईघाईनं दुसरा घोट घेतला आणि मान डोलावली. "हं. फक्कड!" क्वेतानं ग्लास हळूच बाकावर ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं, पण बोलली नाही. नळावरच्या माणसापुढे आमच्यात कुणी बोलत नाही.

राड्काला मात्र हसू आवरेना, डोळेही ओले झाले. "म्हणजे माझंच नाक गेलं की हो! बरं झालं बाई. आता माझ्या नाकावर मी भरवसाच ठेवणार नाही." तिनं फोन काढला. "गाडीवाल्याला सांगते, पिंपं भर म्हणून."

नाकावर भरवसा ठेवणार नाही! ओताकारनं ग्लास खाली ठेवला. स्वतःची लाज झाकली ती झाकलीच, आता पोरीचं चालतं नाकही कापून घ्यायचं? तिचा अंगठा फोनवर फिरत होता.

"राड्का, थांब," तो म्हणाला. "तुझंच खरं असेल. मला वास येत नाही."

"या बिअरचा?"

"कशाचाच. दोन वर्षं झाली."

आधी लुबोरच बोलला. "दाजी, मला पहिल्याच घोटाला खाणीचं इस्पितळ आठवलं हो! पण तुम्ही चांगली म्हणालात. म्हटलं, प्लझेनची अशीच असेल."

राड्का खोक्यावर बसली. रागानं ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "वर्षभर मी तुमची वाट बघितली, वस्ताद. मला वाटायचं, मी वेगळी झाले म्हणून तुम्ही रुसलात." मग उठून तिनं टाकीचा खालचा नळ उघडला. सगळी बिअर फेसाळत मोरीत जात राहिली, बराच वेळ. ओताकार झाडू घेऊन फेस लोटत राहिला. ती नको म्हणाली नाही.

परतताना लुबोर गाडी गाठायला पुढे निघाला. ट्रामच्या थांब्यावर दोघं नवराबायको बसली. ओताकारला इतकं दमायला झालं होतं की बसल्या जागी झोप लागली असती. पण मोकळंही वाटत होतं. क्वेता आता रागावेल, थोडं रडेल, डॉक्टर बदलू म्हणेल, असं त्याला वाटलं.

"दोन वर्षं म्हणालास?" तिनं विचारलं.

"हो."

"गेल्या नाताळच्या आधीपासून?"

त्याला एकदम उमगलं ती कुठे निघालीये. तिच्या आईच्या हातचं बदक आणि शहाजिरं घातलेला आंबट कोबी साऱ्या गल्लीत नावाजलेला. क्वेता लग्न झाल्यापासून दर नाताळात तो जमवायला बघायची, आणि ओताकार दर नाताळात खरं तेच सांगायचा: छान आहे, पण आईसारखा नाही. गेल्या नाताळात तो पहिल्यांदा म्हणाला होता, क्वेता, तुझ्या हाताला आईची चव आली. त्याला वाटलं होतं, एवढ्यानं कुणाचं काय बिघडतं.

आताही एक छोटंसं खोटं चाललं असतं. जीभ उचललीसुद्धा. पण अंगात ताकद नव्हती.

"आधीपासून," तो म्हणाला. "मला काहीच कळलं नव्हतं गं त्या दिवशी."

ट्राम आली, दारं उघडली आणि मिटली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"मी आईच्या थडग्यावर जाऊन सांगितलं होतं रे, ओता," क्वेता म्हणाली. "मेणबत्ती लावून सांगितलं होतं."