मार्लिसच्या घरचे पाहुणे

लुंडबीत कोण कुणाकडे जेवायला गेलं हे आर्डिस ट्वाइटला आधी कळायचं, देवाला नंतर. नॉर्थ डकोटातलं ते एवढंसं गाव. त्याचं साप्ताहिक आर्डिस नवऱ्याच्या माघारी एकटीच रेटत होती. लिहायची ती, पानं लावायची ती, गठ्ठे उचलून पोस्टात टाकायची तीच. शहाणी माणसं तिच्या पेपराला नाकं मुरडायची, पण अंक हातात पडला की आधी ‘गाठीभेटी’चं पान उघडायची. त्यासाठी दर सोमवारी घरोघरच्या बायका फोन करून पाहुण्यांची नावं कळवायच्या. नाव राहिलं की पाहुणा रुसलाच.

एका सोमवारी मार्लिस हौगेनचा फोन आला. मार्लिस म्हणजे महापौर लेलंडची बायको. काल संध्याकाळी नगर परिषदेचे तिघं सभासद आणि मिनियापोलिसच्या एका कंपनीचा माणूस आपल्याकडे आले होते, सफरचंदाचा केक चाटूनपुसून खाल्ला, असं ती कौतुकानं सांगत सुटली. पुरुषांच्या गप्पा कसल्या चालल्या होत्या, असं आर्डिसनं सहज विचारलं.

“अगं, वृद्धाश्रम विकायचाय ना, त्याच्याच.”

आर्डिसची पेन्सिल थबकली. गावानं घाम गाळून उभारलेला वृद्धाश्रम तो. लेलंड धरून परिषदेच्या पाचांतले चौघं जमले म्हणजे ती सभाच झाली, आणि सभा गावासमोर व्हायला हवी, हा तिथला कायदा.

“हे सगळं छापू ना, मार्लिस?”

“तर! मग फोन कशाला केला?”

रात्री जेवताना मार्लिसच्याच तोंडून लेलंडला हे कळलं. सकाळी तो पेपराच्या दारात हजर. दोघं शाळेत एका वर्गातले.

“ती बातमी काढ, आर्डिस.”

“कुठली? केकची?”

“सोंगं करू नकोस. लोकांच्या पाहुणचारात राजकारण घुसडतेस.”

“घुसडलंत तुम्ही. मी नुसतं कोण आलं ते छापते.”

मग तो धमकीवर उतरला. परिषदेच्या पैसे देऊन छापायच्या जाहीर सूचना शेजारच्या गावच्या पेपराला देऊ, दुकानदारांच्या जाहिराती बंद करू, नाताळच्या आत तुझा धंदा बसेल.

“बसू दे,” आर्डिस म्हणाली, “पण हे छापून बसेल. खोटं असेल तर तसं लिहून दे. पहिल्या पानावर लावते, तुझ्या सहीनिशी.”

लेलंडनं कागदाला हात लावला नाही. दार मात्र दाणकन आपटलं.

दुपारी मार्लिसचा पुन्हा फोन. आवाज बसलेला. आपण असं काही सांगितलंच नाही म्हणून कळव, असं नवऱ्यानं बजावलंय म्हणाली. आर्डिसनं आग्रह धरला नाही. या बाईला आजही आणि उद्याही त्याच घरात झोपायचं होतं.

“माझी आई आहे गं त्या वृद्धाश्रमात,” मार्लिस शेवटी म्हणाली. “छाप तू. मीच कळवलं म्हणून नाव घाल माझं.”

आर्डिसनं ‘गाठीभेटी’तला तो मजकूर उचलून पहिल्या पानाच्या डोक्यावर बसवला. चौघांची नावं, कंपनीच्या माणसाचं नाव, विषय आणि कळवणारी म्हणून मार्लिसचं नाव. खाली चौकट टाकली: परिषदेची नेहमीची खुली सभा येत्या सोमवारी, नगरभवनात. ज्यांना बोलायचंय त्यांनी यावं. खुर्च्या कमी पडतील, घरून आणाव्यात.