फाटकावरची गुन्वोर

माझी बायको गुन्वोर भांडकुदळ आहे, असं आमच्या गावात सगळ्यांचं मत आहे. तोंडावर अर्थातच कुणी म्हणत नाही. आमच्या खाडीकाठी तोंडावर कुणी कुणाला काही म्हणत नाही. कॉफी पितात, हवेबद्दल बोलतात आणि घरी गेल्यावर सोलून काढतात. मी तसा नाही. मला जे बोलायचंय ते मी इथे बोलणार आहे, आणि कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

गुन्वोर डोंगरावरच्या रस्त्याच्या फाटकावर काम करते. करायची. वर वादळ असलं की तो रस्ता मोकळा सोडत नाहीत. गाड्या फाटकाशी रांगेत थांबवतात, पुढे माझी बर्फ ढकलणारी गाडी, तिला आम्ही नांगर म्हणतो, आणि तिच्या मागे एकामागोमाग बाकीच्या. सगळ्यात शेवटी पिवळा दिवा लावलेली गुन्वोरची गाडी. मी वाट काढायची, तिने मागे कुणी राहिलं नाही ना बघायचं. लग्नानंतरची आमची बरीचशी वर्षं अशी गेली, मी एका टोकाला आणि ती दुसऱ्या, मधे लोकांच्या गाड्या.

पण रांग निघण्याआधीचं तिचं काम खरं. ती प्रत्येक गाडीपाशी जायची, हातमोजा काढायची आणि टायरच्या खाचेत अंगठा घालायची. मग काच खाली करायला लावून प्रश्न. टाकी भरलेली आहे का? गाडी विजेची असेल तर चार्ज किती? फावडं आहे? घोंगडी? काच धुवायच्या पाण्यात न गोठणारं औषध घातलंय, का नुसतंच नळाचं पाणी? टपावरचा बर्फ न झाडता कुणी आला की ती झाडू त्याच्याच हातात द्यायची. "तुझ्या टपावरचा ढीग मागच्याच्या काचेवर पडणार, तो काय तुझा वैरी लागतो?" एकाने समोरच्या काचेवर हाताएवढं भोक खरवडलं होतं आणि त्यातून बघत तो खालून आला होता. त्याला ती म्हणाली, "गाडी चालवतोयस की दाराच्या फटीतून शेजारीण बघतोयस?" रांगेत सगळे हसले. तो मात्र रस्त्याचं काम बघणाऱ्या कंत्राटदाराकडे तक्रार करून आला.

अशा तक्रारी खूप झाल्या. कंत्राटदार तिला म्हणायचा, जरा गोडीने बोलत जा. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, एवढं कडक कशाला. तिची आईसुद्धा तेच म्हणायची. आयुष्यभर सगळ्या गावाने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली, की बाई, जरा नरम हो.

आता टायरचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. ईस्टरच्या सुमारास खाली खाडीकाठी ऊन पडतं, चरांच्या कडेने पिवळी फुलं येतात, आणि आमच्या पुरुषांच्या अंगात येतं. बर्फावर पकड धरणारे हिवाळी टायर काढून उन्हाळी चढवण्यात जो पहिला, तो गडी. शनिवारी अंगणात जॅक लावायचा, बाजूला सॉसेज भाजत ठेवायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं की याचं झालं. आणि मग हेच शहाणे त्याच गाडीवर स्की बांधून सुट्टीला डोंगरावरच्या आपापल्या लाकडी घरी निघतात, जिथे बर्फ खिडकीपर्यंत आहे! खाली वसंत, वर भर हिवाळा, मधे तासाभराची चढण. दरवर्षी हेच. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा आमच्या गल्लीतला पहिला गडी हालवार. गुन्वोरचा थोरला भाऊ. चर्चच्या गायनमंडळाचा प्रमुख, उंच, देखणा, आवाज खणखणीत, गावात त्याला मान. त्याने नवीन विजेची गाडी घेतली होती. त्या गाडीचं वजन किती, ती उतारावर थांबायला काय लागतं, याच्याशी त्याला देणं-घेणं नव्हतं. गाडी झटक्यात पळते, एवढंच तो सगळ्यांना सांगायचा.

सुट्टी लागली त्या दुपारी वर वादळ सुरू झालं आणि फाटक पडलं. रांगेत हालवारची गाडी होती. मागच्या सीटवर त्यांची म्हातारी आई, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन. ईस्टरला वर जाऊन, उन्हात भिंतीला टेकून संत्रं खाल्लं नाही तर म्हातारीला वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही. मी नांगर गरम करत उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

गुन्वोरने खाचेत अंगठा घातला आणि ती ताठ झाली.

"हालवार, हे उन्हाळी आहेत."

"नवे कोरे आहेत."

"नवे असू देत. थंडीत हे दगड होतात. गाडी वळव."

"गुन्वोर, मी या डोंगरावर तू रांगत होतीस तेव्हापासून गाडी चालवतोय."

"मग इतक्या वर्षांत शिकायला हवं होतंस. वळव म्हटलं ना. आईला खाली घेऊन जा, टायर बदल आणि उद्या या."

"जुने मी विकले. नवे ऑक्टोबरात घेणार."

"मग ऑक्टोबरात या."

मागच्या गाड्यांमधले लोक थर्मासमध्ये तोंड घालून बसले होते. बघत सगळे होते. हालवारचा चेहरा लाल झाला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "माझ्या गायनमंडळातले चार जण मागे उभे आहेत. तू सख्ख्या भावाची अशी शोभा करणार?"

आणि मग मागून म्हातारी बोलली. "सोड ना गं त्याला. पुढच्या ईस्टरला मी असेन-नसेन. नेहमी काय भांडायचं?"

गुन्वोरने हातमोजा परत चढवला. मला वाटलं, आता ती म्हणेल, आई, तू गाडीत आहेस म्हणूनच नाही म्हणतेय. ते तिच्या ओठांवर होतं, मी शपथेवर सांगतो. पण ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आर्नफिन, त्याला तुझ्या मागे पहिला ठेव. हळू जा."

"नक्की?" मी विचारलं.

"आई आहे," ती म्हणाली. बस.

आम्ही निघालो. अर्धा चढ नीट झाला. वरच्या मोठ्या वळणावर मला आरशात हालवारचे दिवे तिरके झालेले दिसले आणि मग ते जागेवरच थरथरायला लागले. मी थांबलो. चाकं गरगर फिरत होती आणि गाडी रस्त्यात आडवी होऊन बसली होती. मागची सगळी रांग तिच्यामुळे अडकली.

वादळात गाडीतून उतरायचं नाही, हा नियम आमच्याकडे पोरांनाही पाठ असतो. पण कुणाची गाडी अडकली आणि आपण बसून राहिलो, तर आमच्या लोकांना ती मोठी लाज वाटते. हातभार लावायलाच हवा. दारं उघडली, माणसं खाली उतरली, हात पुढे करून चालायला लागली. उडत्या बर्फाच्या पांढऱ्या अंधारात त्यांना स्वतःचे बूटसुद्धा दिसत नव्हते. तेवढ्यात मागून गुन्वोर आली, एकेका गाडीला धरत धरत.

"आत बसा! पाहुणचार करायला बोलावलंय का कुणी? आत! गाडीपासून दहा पावलं गेलात तर बर्फ वितळल्यावरच सापडाल!"

सगळे निमूट आत गेले. तिने एकेक दार लागल्याचं बघितलं. त्यातले कित्येक आज धडधाकट आहेत ते तिच्या त्या ओरडण्यामुळे, आणि त्यांपैकी एकानेही आजवर आमच्या दारात येऊन तसं म्हटलेलं नाही.

गाडी नांगराने ओढायला मी पुढून दोर बांधत होतो. गुन्वोर वाळूची पिशवी घेऊन मागच्या चाकांपाशी गेली. जाताना तिने हालवारच्या काचेवर मूठ आपटली. "आर्नफिन हात करेपर्यंत पॅडलला पाय लावू नकोस. समजलं? नुसता बसून राहा." त्याने मान हलवली. मी बघितलं, त्याने मान हलवली.

मी अजून दोराच्या गाठीवरच होतो आणि त्याने पॅडल दाबलं. नंतर म्हणाला, जमेल असं वाटलं. मला ठाऊक आहे त्याला काय वाटलं. मंडळातले चार जण मागे बसलेत, आणि बहीण वाळू टाकून सोडवतेय, हे त्याला सोसलं नाही. गाडी झटक्यात पळते ना! दोर सुटून माझ्या हातातून गेला, गाडी पुढे न जाता मागे घसरली आणि गुन्वोरचा उजवा पाय मागच्या गाडीच्या बंपरशी चिरडला. ती ओरडली नाही. मी पोचलो तेव्हा तिने माझी बाही धरून सांगितलं, "आधी त्याला गाडी बंद करायला सांग."

तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

गावाने काय म्हणावं? दुकानात, चर्चच्या कॉफीला, बसथांब्यावर एकच. बिचाऱ्या हालवारला केवढा धक्का बसला असेल. गाडीच्या मागे उभं राहू नये, हे तिला कळायला हवं होतं, नाही का? आणि शेवटचं, ते तर मला तोंडावर ऐकवलं, आयुष्यात पहिल्यांदा गावाने कुणाला तोंडावर काही ऐकवलं: "पण सोडलं तिनेच ना त्याला?" हो, तिनेच सोडलं. जन्मभर तुम्ही तिला नरम हो म्हणालात, ती एकदा झाली. आता तोंडात मिठाची गुळणी धरा!

हॉस्पिटल डोंगरापलीकडच्या शहरात आहे. ईस्टर संपल्यावर हालवार तिला भेटायला आला, आईला घेऊन. मी तिथेच होतो. त्याने फुलं आणली होती, डोळे रडून सुजले होते, आणि मी खोटं बोलणार नाही, ते दुःख खरं होतं. "असं व्हायचं लिहिलेलं होतं, गुन्वोर," तो म्हणाला. "डोंगराचा काय भरवसा."

गुन्वोरने विचारलं, "कसे आलात?"

"गाडीने. काल गॅरेजमधून आली. पत्रा ठोकून घेतला."

"टायर?"

हालवारने फुलं खिडकीत ठेवली. "आज ऊन होतं गं. रस्ता अगदी कोरडा. फाटकसुद्धा उघडं होतं. आता बर्फाचे दिवस संपलेच, कशाला उगीच..."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे सुंभ जळला होता बहिणीचा. मी खुर्चीवरून उठलो. त्याला मारायचंच माझ्या मनात होतं, त्याची मला लाज नाही. गुन्वोरने मला हाताने थांबवलं आणि तोच हात त्याच्यापुढे धरला.

"किल्ली."

"काय?"

"गाडीची किल्ली दे. आईला घेऊन बसने जा."

तो हसायला गेला. म्हातारीकडे बघितलं. म्हातारी पलंगावरच्या चादरीकडे बघत होती, जिथे उजव्या गुडघ्याखाली चादर सपाट झाली होती, आणि यावेळी ती काही बोलली नाही. हालवारचा हात खिशात गेला, बराच वेळ तिथेच राहिला, मग किल्ली बाहेर आली.

गुन्वोरने ती मुठीत घट्ट धरली. ती रडत होती. इतक्या वर्षांत ती मला रडताना दिसली ती तेव्हाच, आणि तेही रागाने.

"हा हात मी तेव्हा फाटकाशीच पुढे करायला हवा होता," ती म्हणाली.

हालवार आणि म्हातारी बसने गेले.