गातो तो नर

लेकीच्या सासरी बापाने किती वेळा जावं, याबद्दल लोकांची मतं फार ठाम असतात. मिस्त्री दर रविवारी सकाळी जात. तेही लेकीला भेटायला नव्हे. ती दार उघडायची, "या बाबा" म्हणायची आणि हे "हो हो" करत तिला ओलांडून तडक मागच्या खोलीत. "माझं लग्न या पाखरांसाठीच लावून दिलंत," असं ती म्हणे, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही.

मागच्या खोलीत व्याह्यांचं शिलाई मशीन होतं आणि तीन भिंतींना मिळून सतरा पिंजरे. व्याही पेशाने शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मिस्त्रींची बत्तीस वर्षं कारखान्यात लेथपुढे गेलेली. सोयरीक जमली तेव्हा दोघे एकमेकांशी इतक्या अदबीने बोलत की दोघांचाही जीव गुदमरे. मग एकदा मास्तरांनी भीतभीतच आपली फिंचची जोडी दाखवली. अंगठ्याएवढे परदेशी पक्षी. मिस्त्री म्हणाले, "पिंजऱ्याचं दार चुकीच्या बाजूला केलंय." तिथून जे जमलं ते जमलं. पिंजरे मिस्त्रींनी बनवायचे, दाणापाणी मास्तरांनी बघायचं आणि पिल्लं दोघांची.

त्यांच्याकडे जास्त करून बेंगाली फिंच होते, तपकिरी-पांढरे, गरीब स्वभावाचे. यांचा घोळ एकच. नर आणि मादी हुबेहूब सारखे. ब्रह्मदेव आला तरी त्याला सांगता येणार नाही. फरक एवढाच की नर गातो, मादी गात नाही. म्हणून पिल्लू मोठं झालं की त्याला छोट्या पिंजऱ्यात एकटं ठेवायचं आणि कान देऊन बसायचं. गायलं तर पायात निळी कडी, लागोपाठ तीन रविवार गायलंच नाही तर पिवळी. मग मोठ्या पिंजऱ्यात इतरांत सोडून द्यायचं. कडी नसेल तर कोणतं कोण, हे पुन्हा कळायचं नाही.

कान द्यायचं काम मिस्त्रींचं. कारखान्यात ते नुसत्या आवाजावरून हत्यार बोथट झालेलं ओळखत, आणि साहेब लोक त्यांना बोलावून नेत. निवृत्त झाल्यावर कोणी कशाला बोलावतंय? घरी तर पंखा कुरकुरला तरी मुलगा परस्पर दुसऱ्याला फोन करी. इथे मात्र मास्तर मशीन थांबवून विचारत, "काय म्हणता मिस्त्री, नर की मादी?" त्या एका प्रश्नावर त्यांचा आठवडा निघे.

त्या रविवारी छोट्या पिंजऱ्यात शेवटचं पिल्लू होतं. यंदाच्या आठांपैकी सातांना पिवळी कडी लागली होती. "मुलीच मुली झाल्यात यंदा," मिस्त्री म्हणाले. मास्तर काजं करत होते, त्यांनी मान वर केली नाही.

पाऊण तास गेला. मग पिल्लाने अंग फुगवलं, मान ताणली आणि काठीवर टुणटुण उड्या मारत चोच उघडझाप करायला लागलं. मिस्त्री पुढे सरकले. श्वास रोखून त्यांनी ऐकलं. आवाज नाही. पुन्हा तसंच, आणि पुन्हा काही नाही.

"मास्तर, याचा गळा धरलाय," ते घाईने म्हणाले. "बिचारा जीव तोडून गातोय, पण आवाजच फुटत नाही. बल्ब लावा, ऊब द्या. पाण्यात औषध टाकू."

मास्तर उठले. त्यांनी खरंच बल्ब लावला. तेवढ्यात लेक चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अगंबाई, किती गोड गातोय हा! स्वयंपाकघरापर्यंत येतंय."

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने कप ठेवले आणि निमूट निघून गेली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मिस्त्रींनी एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा बल्बकडे.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मास्तर, उडवाउडवी करू नका."

मास्तर स्टुलावर बसले. "झालं दीड वर्ष. बारीक आवाज तुमच्या कानांतून निसटतात. तुम्ही गेलात की सोमवारी मी परत ऐकतो. चुकलेली कडी बदलतो."

"म्हणजे जोड्या लागत होत्या, त्या तुम्ही लावलेल्या. आणि मी इथे मिशांना पीळ देत बसायचो." मिस्त्री उठले. त्यांना भयंकर लाज वाटत होती, आणि लाज वाटली की ते चिडत. "मग माझं इथे काय काम? पिंजरे बाजारात मिळतात."

"मिळतात ना," मास्तरही एकदम चिडले. "जा खुशाल. मी म्हणूनच बोललो नव्हतो. म्हटलं, कळलं तर हा माणूस रविवारी यायचा नाही. आमची ही गेल्यापासून या घरात माझ्याशी दिवसभर कोण बोलतं? मुलगा-सून आपापल्या कामात. मला काय, सोमवारची थोडी लबाडी परवडत होती."

मिस्त्री दाराशी उभेच राहिले. एवढं बोलताना त्यांनी मास्तरांना कधी ऐकलं नव्हतं. राग होता तिथेच होता, पण पाय काही निघेनात.

"गातोय कसा तो?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कसा म्हणजे? गातोय."

"तसं नाही. नर पोर बापाचंच गाणं उचलतं. ती सगळी गाणी मला पाठ आहेत. म्हणून दाखवा."

"मी?" मास्तर म्हणाले. सबंध आयुष्यात त्यांनी कधी आरतीलासुद्धा सूर लावला नव्हता. पण त्यांनी पिंजऱ्याशी कान नेला, डोळे मिटले आणि आपल्या जाड्याभरड्या आवाजात सुरुवात केली, "टिर्र टिर्र… चिक… चिक चिक, टुईऽऽ." स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

मिस्त्री परत येऊन बसले. चहा निवला होता, तरी त्यांनी घोट घेतला.

"शेवटी टुई एकदाच?"

"दोनदा. दुसरी अर्धीच सोडतोय."

"मग हा खिडकीपाशच्या थोरल्याचा," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे त्याच्या लेकींशी याची जोडी लावायची नाही. आता त्या सातांत जे गातात, त्यांचंही एकेक करून म्हणा."

"सगळ्यांचं?"

"हो, आणि असंच मोठ्याने म्हणा. तुमचं ऐकू येतंय मला."