देवळातला पंखा आणि लेकीची नोकरी

माझं शिक्षण चौथी नापास. त्यामुळे लेकीनं बँकेत जावं की कन्सल्टिंगमध्ये, हे ठरवायची जबाबदारी साहजिकच मी घेतली.

तेव्हा आमच्या चांदीपमध्ये मोबाइल दोघांकडेच होते आणि दोघेही तो वरच्या खिशात ठेवून छाती पुढे काढून चालायचे. माझी एकुलती लेक वैशाली शिकून बाहेर पडली आणि एकाच आठवड्यात तिला दोन नोकऱ्यांची पत्रं आली. एक बँकेचं, विरारच्या शाखेत. दुसरं त्या कन्सल्टिंगचं, बंगळूरला. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

बँक मला ठाऊक होती. तिथली माणसं पंख्याखाली बसतात आणि आपल्याला रांगेत उभं करतात. (चांगलं काम आहे.)

"आणि ते दुसरं काय असतं गं?"

"बाबा, मोठ्या कंपन्यांत जायचं, त्यांचं कुठे चुकतंय ते शोधायचं आणि त्यांना सांगायचं."

"त्यांचं त्यांना कळत नाय?"

"कळतं. पण बाहेरच्यानं सांगितलं की पटतं."

"अगदी खरं," चुलीपासून आमच्या हिचा आवाज आला. "मी पडले घरातली. वीस वर्षं सांगत होते, विहिरीला कठडा बांधा. म्हैस पडली, तेव्हा बांधलात."

म्हशीचा इथे काय संबंध! पण हिला ती म्हैस कुठल्याही विषयात घालता यायची.

खरं सांगतो, मला बँकच हवी होती. पगारबिगार मला कळत नव्हता. विरारहून पोरगी संध्याकाळी जेवायला घरी येते, बंगळूरहून येत नाही, एवढा भूगोल चौथीपर्यंत झाला होता. पण हे तोंडानं कसं बोलणार? बाप होतो मी! म्हटलं, देवाच्या तोंडून बोलावं. रविवारी कौल लावायचा.

आमच्याकडे कौलाला देवाच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवतात. आधी पडेल ते फूल म्हणजे देवाचा शब्द. "उजवं पडलं तर बँक, डावं पडलं तर ते दुसरं," मी माझ्या उजव्या अंगाला हात करून सगळ्यांसमोर जाहीर केलं. त्याआधी बाळू गुरवाला मागल्या दारी एक भोपळा दिला होता. "उजवं जरा हलकं लाव," एवढंच म्हणालो. (याला लाच म्हणत नाहीत. भोपळा घरच्या वेलाचा होता.)

देवळात ही, वैशाली आणि काम नसलेलं अर्धं गाव. मी देवासमोर हात जोडून उभा. बघतो तर माझ्या डाव्या हाताकडचं फूल सरकायला लागलं!

"बाळ्या! कोनतं हलकं लावलंस?"

"उजवं!"

"हे उजवं?"

"देवाचं उजवं, तात्या! आता देव तुमच्याकडं तोंड करून बसलाय, त्याला मी काय करू?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. "बरोबर! देवाचंच धरायचं! म्हणजे बँक!"

"असं कसं?" मागून कोणीतरी म्हणालं. "बोलताना हात तर तुम्ही त्या दुसऱ्या अंगाला केला होता!"

"हाताचं काय धरतोस?"

"मग देवाचं तरी काय धरायचं? फूल तर गुरवानं ढिलं लावलं!"

"मी काय करनार?" बाळू रडकुंडीला आला. "भोपळा दिला तेव्हाच तात्यांनी सांगायला पायजे होतं, कोनाचं उजवं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. देवसुद्धा.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा गरगरायला लागला. तो त्याच वर्षी मी देवळाला दिला होता, पात्यांवर माझं नाव रंगवून. दोन्ही फुलं उडाली. एक समईत गेलं, दुसरं माझ्या डोक्यावर. भिंतीवरच्या बटणापाशी ही उभी होती.

"उकडत होतं," ती म्हणाली. पौष महिन्यात!

"देवानं तुमच्यावरच टाकलं, तात्या," बाळू म्हणाला. मी 'बँक' म्हणायला तोंड उघडलं.

"पोरीला विचारलंत का?" हिनं विचारलं.

नव्हतं विचारलं. आठ दिवसांत एकदाही नाही.

"मला बंगळूरला जायचंय, बाबा," वैशाली खाली बघत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बँकेचंच सांगत होता."

"जा," मी म्हणालो आणि बाहेर आलो. फुलाचं पाणी डोळ्यांत गेलं होतं.

हिला जाऊन आता दोन वर्षं होतील. अजून माझ्या हातून दोघांचा भात शिजतो. उरलेला कोंबड्या खातात. कोंबड्या माजल्यात.

वैशाली फोनवर म्हणते, "बाबा, एकटे राहू नका, इकडे या." माझं कुठे चुकतंय ते ती बरोबर शोधते. मागल्या आठवड्यात मी कौल लावला. देवाचं उजवं म्हणजे गाव, देवाचं डावं म्हणजे बंगळूर, असं बाळूला दोनदा बजावलं. भोपळा दिला नाही. तासभर बसलो, फुलं हलेनात. शेवटी उठलो आणि बटण मीच दाबलं.

फुलं उडाली, समई विझली आणि बाळू ओरडला, "तात्या, देवाला थंडी वाजंल!"

पंख्यावर नाव माझं आहे. तो कधी लावायचा, ते हिलाच कळायचं.