बुडातली गोडी

शेजारच्या शेतात ऊस तोडायला आलेल्या बायका संध्याकाळी आमच्या ओसरीवर टीव्ही बघायला यायच्या. मालिका ऊसतोड कुटुंबाचीच आहे, त्यामुळे मला एका तिकिटात दोन नाटकं मिळायची.

काल नायिकेनं कोयता उगारला आणि ऊस गुडघाभर वरून तोडला. ओसरीवर एकच हशा!

"अगं बये, खाली वाक!" पारूबाई ओरडली. "गोडी बुडाला असती, अन् ही बूडच सोडती!"

"वाकली तर साडी मळंल की तिची," दुसरी म्हणाली.

मी खो खो हसलो आणि मग जरा ओशाळलो. आम्ही गोष्टी सांगणारेही कंबर दुखेल म्हणून वरूनच तोडतो.

तेवढ्यात पडद्यावरची मुलगी आईला म्हणाली, "मला शाळेसाठी गावातच ठेव." आई काही बोलणार, तोच भाग संपला.

पारूबाईचं हसू थांबलं. तिनंही यंदा पहिल्यांदाच लेकीला शाळेसाठी आजीपाशी ठेवलंय.

"भाऊ, उद्या आमची टोळी पुढच्या गावाला चालली. ती टीव्हीतली आई पोरीला ठेवंल का?"

मला काय ठाऊक! पण मी उभा राहिलो, आईचा आवाज काढला, मुलीचा काढला. आईनं मुलीला ठेवलं, मुलगी वर्गात पहिली आली, गुरुजींनी पेढे वाटले.

"रडत नाही ना ती?"

मी दोन्ही आवाज सोडले आणि तिच्याजवळ खाली बसलो.

"रडते," मी म्हणालो. "पहिले आठ दिवस."

पारूबाईनं हळूच मान डोलावली. पेढ्यांची थाप तिनं ओळखली असणार. एवढं एक वाक्य मात्र मी वाकून तोडलं होतं.