डबल कोटच्या सासूबाईंच्या कोंबड्या

गॅरेजात त्याला सगळे डबल कोट म्हणत, कारण रंगाचा एक हात मारून त्याचं समाधान होत नसे. रागाचंही तसंच. एकदा ओरडून भागत नसे. समोरचा गप्प झाला तरी वर आणखी एक ठेवून द्यायचाच. गाड्या रंगवण्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. चेपलेलं दार ठोकून सरळ झालं की तो आधी त्यावरचा तेलकटपणा काढी, कडक पावडर, गरम पाणी आणि ब्रश घेऊन खसाखसा. "तेलाचा थेंब राहिला तर रंग धरत नाही," हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि ते तो जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना लावायचा.

सासूबाई एकट्या पडल्या म्हणून लेकीकडे राहायला आल्या, त्या तीन कोंबड्या घेऊनच. काळ्याभोर, उन्हात हिरवी झाक मारणाऱ्या. लेकीचं झालं तरी ते जावयाचं घर. तिथे हक्कानं 'माझं' म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच होतं. कोंबड्यांना उवा झाल्या तेव्हा त्यांनी त्यांना लोळायला राख पसरली, दाण्यात लसूण ठेचून घातला.

"राखेनं कधी काही स्वच्छ झालंय का?" डबल कोटनं नाक मुरडलं. याच्या लहानपणी याच्या घरची भांडी कशानं घासत होते, देव जाणे.

सासूबाई चार दिवस धाकट्या लेकीकडे गेल्या आणि याला मोकळं रान मिळालं. गॅरेजातली पावडर घरी आणून त्यानं दोन कोंबड्यांना टबात बुचकळलं आणि ब्रशनं पाठ, मान घासून काढली, गाडीचं दार घासावं तशी. तिसरी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. तिनं मनगटाला अशी चोच मारली की तिला त्यानं सोडून दिलं. उवा गेल्या. "बघ, याला म्हणतात इलाज," तो बायकोला म्हणाला. सासूबाई परतल्यावर त्यांना सांगायची गरज त्याला वाटली नाही.

पुढे त्या दोघींची झळाळी गेली. काळा रंग उन्हानं विटून तांबूस झाला. मग घासलेली पिसं तुटली, झडली, आणि नवी आली ती पांढरीफटक. शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. "रंगाऱ्याच्याच कोंबड्यांचा रंग उडाला!" म्हणून हसू लागले. आणि आपल्याला कुणी हसलं की डबल कोटचं टाळकं फिरतं.

भर दुपारी, अंगणात, सगळ्यांच्या देखत तो सासूबाईंवर तुटून पडला. "राख काय, लसूण काय! तुमच्या अडाणी औषधांनी मुक्या जिवांची वाट लावलीत! उद्या आमच्या जेवणातही काहीबाही कालवाल!"

अंगाचा तिळपापड व्हावा असंच बोलणं हे. जिच्या हातचं दोन वेळा गिळायचं, तिलाच असं म्हणायचं! त्या दिवसापासून सासूबाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, आणि रविवारी धाकटीकडे कायमचं जायचं ठरवलं. धाकटीचं घर एका खोलीचं. तिथे कोंबड्यांना काय, त्यांनाही धड जागा नव्हती.

रविवारी सकाळी, इतके दिवस भांडण नको म्हणून मूग गिळून बसलेली बायको तिसरी कोंबडी काखेत घेऊन आली आणि तिला त्या दोघींशेजारी उन्हात ठेवलं. तिसरी काळीकुळकुळीत होती.

"हिनंही तोच लसूण खाल्ला, त्याच राखेत लोळली," बायको म्हणाली. "हिला फक्त तुमचा ब्रश लागला नाही."

राखाडी रंगाच्या दहा छटा नजरेनं ओळखणारा माणूस. त्याला आणखी काय समजावायचं? आधी तो पावडरीवर भडकला, मग ती विकणाऱ्यावर, मग बायकोवर. "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलू देता कधी?"

मग भडकायला कुणी उरलं नाही. सासूबाई आतल्या खोलीत पिशवी भरून उभ्या होत्या. तो त्यांच्याजवळ गेला आणि जमिनीकडे बघत पुटपुटला, "आई, माझं चुकलं. जाऊ नका."

"काय म्हणालात?"

"चुकलं म्हटलं."

आता मात्र सासूबाईंचा आवाज चढला. "जावईबापू, माझ्यावर आळ घेतलात तो अंगणात, सगळ्यांच्या देखत. आणि चुकलं ते इथे, दाराआड, माझ्या कानात? मी काय चोरी केली होती?"

"लोक काय म्हणतील, आई?"

"मला विचारतातच की रोज, आज कुणाला काय चारलंत म्हणून."

तो अंगणात गेला. रागानं लाल झाला होता, पण कुणावर, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "आईंची काही चूक नव्हती!" तो ओरडला. "कोंबड्या मी घासल्या! मी!" खिडक्या उघडल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यानं मागे वळून पाहिलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, पिशवी अजून हातातच होती.

"कोंबड्यांचं झालं," त्या म्हणाल्या. "आता जेवणाचं सांगा."